विहिरीचं लिहा, सर

आमच्या घरात सकाळ व्हायची ती भाकरीच्या आवाजाने. कसब्यातल्या एका अरुंद गल्लीत खाली बुरुडाचं दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. बुरूडकाका बांबू चिरायला बसत त्याच्या आधीच आईचे हात परातीत पडलेले असायचे, आणि मग वरून भाकर थापल्याचा आणि खालून बांबू तडकल्याचा असे दोन आवाज दुपारपर्यंत एकमेकांत मिसळून चालायचे. आई-बाबा अमरावतीकडचे. बाबा पुण्याला एका कंपनीत फिटर म्हणून लागले आणि आई त्यांच्याबरोबर आली. काही वर्षांत तिच्या लक्षात आलं, की आपल्या मुलखातली पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येऊन पेठांतल्या खोल्यांमध्ये राहतात आणि गूळ घातलेली आमटी खाऊन सुकत जातात. तिने त्यांच्यासाठी खानावळ काढली. बाहेरच्या खोलीत पंगत, आतल्या खोलीत शेगड्या, आणि मधल्या दारात चौकटीला टेकून, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली मी. अंबाडीची भाजी शिजल्याच्या आंबट वासात मी दहावी केली, बारावी केली आणि भूशास्त्रात एम.एस्सी.सुद्धा त्याच दारात बसून केली. अजूनही कुठे अंबाडी शिजत असली, की मला काहीतरी पाठ करायचं राहिलंय असं वाटतं.

घरात कौतुकाला तोटा नव्हता. पंगतीला बसलेला प्रत्येक पोरगा पहिल्या घासाला काहीतरी बोलायचाच. "काकू, पाटोडी एक नंबर झाली." "काकू, हे भरीत खाल्लं ना, की गावची आठवणच येत नाही." आई त्यावर "खा रे बाप्पा, खा" म्हणत जवसाची चटणी पुढे सरकवायची. बाबांचंही तेच. माझं शाळेतलं एक साधं चित्र त्यांनी डब्याबरोबर कंपनीत नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं, आणि ते चित्र भेंडीचं होतं. आमचे आजोबा नागपूरला दीक्षा घेऊन परतले तेव्हा त्यांनी घरात म्हणे एकच नियम केला होता: पोरं शिकत असतील तर त्यांना कामाला हाक मारायची नाही. तो नियम आईने मोडला नाही, पण वाकवला भरपूर. मी मसाला कुटता कुटता शिकले.

उंबरा ओलांडला, की मात्र पुणं सुरू व्हायचं. इथे कोणी कोणाची तोंडावर स्तुती करत नाही. केलीच, तर समोरच्याला वाटतं, याचं आपल्याकडे काम असणार. शाळेत पहिली आले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "ठीक आहे. आता त्याची सवय होऊ देऊ नकोस." मी दोन्हीकडची असल्यामुळे मला दोन्ही भाषा कळतात, अशी माझी समजूत होती. ती समजूत लेले सरांनी घालवली.

लेले सर आम्हाला भूजल शिकवत. उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात कायम एक छोटं भिंग. सगळ्यांना आडनावाने हाक मारायचे. मी त्यांच्यासाठी 'मेश्राम' होते. त्यांचं कौतुक हातचं राखून असे, आणि राखलेलं ते कधी बाहेर काढत नसत. उन्हाळ्यात ते आम्हाला सासवडच्या बाजूच्या गावांत विहिरी मोजायला घेऊन जायचे. टेपला वजन बांधायचं, विहिरीत सोडायचं, पाणी लागलं की आकडा वाचायचा. त्याच विहिरी ते वर्षानुवर्षं मोजत आले होते आणि त्यावर त्यांचं नाव झालं होतं.

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एका विहिरीवर माझं मन अडकलं. आमचा आकडा हिवाळ्यात जो होता तोच मे महिन्यात येत होता. पण पाणी शेंदायला आलेल्या बाईच्या दोराला नवा दोर जोडलेला होता; गाठ ताजी होती. पाणी खाली गेलं नसेल तर दोर कशाला वाढवावा लागेल? मी पर्समधला आरसा काढला, उन्हाचा कवडसा विहिरीत सोडला आणि कठड्यावर पालथी पडून खाली पाहिलं. आमचं वजन पाण्याच्या बरंच वर, खडकाच्या एका ओल्या टप्प्यावर निवांत बसलेलं होतं. इतरांनी डबे उघडले होते. शेवंताबाई नावाच्या त्या बाई म्हणाल्या, "पोरी, पडशील. पानी काय पळून चाललं न्हाय." त्यानंतरचा आठवडाभर मी रोज स्वारगेटहून पहिली गाडी धरून एकटी जात राहिले आणि आरसा घेऊन सगळ्या विहिरी पुन्हा मोजल्या. बऱ्याच विहिरींत तसे टप्पे निघाले. म्हणजे सरांचे मागचे आकडेही त्या विहिरींपुरते चुकलेले होते. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो भिंग लावल्यासारखा वाचला आणि म्हणाले, "हं. वाईट नाही." पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचे आकडे दुरुस्त केले. त्यावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

मला पुढे भूजलातच संशोधन करायचं होतं, आणि ते एका थंड देशातल्या विद्यापीठात. तिथल्या एक प्राध्यापक बाई खडकातल्या पाण्यावर काम करत होत्या. मी त्यांना ईमेल केली, त्यांचं उत्तर आलं, पुन्हा आलं, आणि शेवटी त्यांनी लिहिलं, की तुझा प्रवेश झाला तर मला माझ्या गटात घ्यायला आवडेल. प्रवेश मात्र समिती देणार. अर्जाबरोबर तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागत होती. ती त्यांनी परस्पर पाठवायची, मी पाहायची नाहीत, असा नियम. मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "तू लिहून आण, मी पाठवून देतो." कुलकर्णी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, मला कुठे वेळ आहे? तूच छानसं लिही." यात कोणाला काही वावगं वाटत नसे, सगळीकडे असंच चालायचं. लेले सर तेवढे म्हणाले, "मी पाठवीन ते मी लिहीन." मला वाटलं, चला, एक तरी पत्र खरं असेल.

उरलेली दोन पत्रं आमच्या पंगतीत लिहिली गेली. मंगेश नावाचा अकोल्याचा एक मुलगा होता, खानावळीतला सगळ्यात जुना. तो परीक्षेचा निबंध लिहिण्यात पटाईत. ताटावर बसूनच तो सांगायचा, "इथं एक्सेप्शनल टाक." दुसरा भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचा, "ब्रिलियंट राहिलं ना." आई वरण वाढता वाढता विचारायची, "ते ब्रिलियंट म्हंजे काय?" आणि कळल्यावर म्हणायची, "मंग टाक दोनदा." बाबा रजेच्या दिवशी बाजूला बसून मान डोलवत होते. दोन्ही पत्रं झाली तेव्हा त्यातली मुलगी इतकी थोर होती, की तिला प्रवेशाची काही गरजच नव्हती.

नकार आला तो दोन ओळींचा. मी तो घरात कोणाला सांगितला नाही, पण माझं तोंड पाहून आईने दुपारी माझ्या ताटात न मागता जास्तीची पाटोडी घातली, म्हणजे तिला कळलं होतं. मग काही दिवसांनी त्या प्राध्यापक बाईंची ईमेल आली. नियमात बसत नाही, पण सांगते, असं म्हणून त्यांनी लिहिलं होतं: तुझी दोन पत्रं एकाच हातची वाटतात आणि दोन्ही आकाशाला टेकलेली आहेत, म्हणून समितीने ती बाजूला ठेवली. तिसरं पत्र खरं वाटलं, पण त्यात तुझ्याबद्दल एकच वाक्य आहे, 'तिचं काम वाईट नाही.' आमच्याकडे असं वाक्य लिहिणं म्हणजे हिला घेऊ नका असं सांगणं. पुढच्या वर्षी अर्ज कर, आणि तो शिफारस करणारा बदल.

मी ती ईमेल बाबांना वाचून दाखवली. ते कंपनीतून नुकतेच आले होते, हात अजून तेलकट होते. ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "हे 'वाईट नाही' मले माहीत आहे, पोरी. मलेही सायेब लोक 'बरं काम करते' म्हनत रायले, अन् पुढं दुसऱ्यालेच केलं. त्याले तुया कामाचं नाही, आडनावाचं दुखत असन."

"बाबा, ते सगळ्यांनाच असं बोलतात."

"बोलत असन. लिहिते का सगळ्यायले असं, हे तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पंगतीत मंगेश म्हणाला, "सर बदलून टाक ना सुजाता. गोड लिहिणारे कमी आहेत का?" सगळ्यांना ते पटलं. शहाणपणाचंही तेच होतं. आई आतून सगळं ऐकत होती. ती भाकर तव्यावर टाकून दारात आली आणि बाबांना म्हणाली, "तुमी काऊन इथं बसून त्यायच्या मनातलं सांगून रायले? पोरीले तोंड आहे ना. जाऊन विचारन." मला त्या क्षणी आईचा रागच आला, कारण जायला लागणार हे मला तिच्या आधीच कळलेलं होतं आणि माझी हिंमत होत नव्हती. सर बदलले असते तर पत्र मिळालं असतं. पण मी गुंडाळलेल्या टेपसारखं ते एक वाक्य आयुष्यभर उलगडत बसले असते, की ते माझ्या कामाबद्दल होतं की माझ्याबद्दल. तसलं ओझं घेऊन मला कुठल्याच देशात जायचं नव्हतं.

आज माझ्याकडे पत्रं मागायला विद्यार्थी येतात. मी त्यांना बसवते आणि विचारते, तू काय केलंस ते सांग. ते आधी विशेषणं सांगतात, मग हळूहळू वळणावर येतात. काही जण कंटाळून उठून जातात, त्यांची मला चिंता वाटत नाही. असो.

सरांची खोली विभागाच्या टोकाला होती. खिडकीत, टेबलावर, जमिनीवर, जिथे हात टाकावा तिथे काळा दगड. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं मी जिन्यातच ठरवलं होतं.

"सर, माझा प्रवेश झाला नाही."

"ऐकलं. पुन्हा अर्ज करणार?"

"करणार. तुमच्या पत्राबद्दल बोलायचं होतं."

"पत्र गोपनीय असतं, मेश्राम."

"हो. पण त्यातलं एक वाक्य माझ्यापर्यंत आलंय. 'काम वाईट नाही.'"

"मग? वाईट आहे का?"

"तिकडे त्याचा अर्थ तसाच होतो, सर."

"तो तिकडच्यांचा प्रश्न झाला. मी कोणाला याहून जास्त लिहिलेलं नाही. पाणी घालून लिहायची मला सवय नाही." त्यांनी समोरचा एक दगड उचलून दुसऱ्या जागी ठेवला. त्याची तिथे काही गरज नव्हती. मी खुर्चीवरून उठले नाही.

"सर, एक विचारू? माझं आडनाव दुसरं असतं तर तुम्ही वेगळं लिहिलं असतं का?"

ते चिडतील, मला बाहेर काढतील, असं मला वाटत होतं. मी पर्स मांडीवर घेऊन ठेवली होती. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांचा चेहरा अगदीच कोणातरी आजारी माणसाचा वाटायचा.

"विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "माझं उत्तर नाही असं आहे. पण ते उत्तर सगळेच देतात. त्यामुळे तुला त्याचा काही उपयोग नाही."

"मला उत्तर नकोच आहे, सर. मला पत्र हवंय. आणि विशेषणं नकोत. विहिरीचं लिहा, सर. काय झालं तेवढं लिहा."

"विहिरीचं त्यांना काय कळणार?"

"ते विहिरींचाच अभ्यास करतात."

त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो हसण्यापर्यंत गेला नाही. "विहिरीचं लिहायचं म्हणजे टप्प्यांचं लिहावं लागेल."

"हो."

"टप्प्यांचं लिहायचं म्हणजे माझे आकडे चुकले होते, हे लिहावं लागेल."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की गाठ इथे आहे. बाबा म्हणाले त्या ठिकाणी ती नव्हतीच, असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही; माणसाच्या मनात एकाच ठिकाणी एकच गाठ असते असं थोडंच आहे? पण ही तर मला डोळ्यांनी दिसत होती. वर्षानुवर्षं मोजलेल्या विहिरी, आणि एका विद्यार्थिनीने पर्समधल्या आरशाने दाखवलेली चूक. ती त्यांनी आकड्यांत दुरुस्त केली होती. शब्दांत अजून केली नव्हती.

"लागेल, सर," मी म्हणाले.

"बघू," ते म्हणाले, आणि पुढचा पेपर तपासायला घेतला. पुण्यात 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण मी दारातून मागे वळून म्हणाले, "मी तुमचंच नाव देतेय, सर. दुसऱ्या कोणाचं नाही." त्यांनी मान वर केली नाही.

उरलेल्या दोघांकडेही मी गेले आणि या वेळी मी लिहून आणणार नाही, तुम्ही लिहा, असं सांगितलं. विभागप्रमुख म्हणाले, "मग दुसरं कोणी शोध." मी शोधलं, प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम केलेल्या एक ज्येष्ठ संशोधक आनंदाने तयार झाल्या. कुलकर्णी मॅडम आधी कुरकुरल्या, मग म्हणाल्या, "बरं, काय काय केलंस ते आठवण करून दे." आणि त्यांनी खरोखर लिहिलं. वर्षभर मी सकाळी आईच्या हाताखाली आणि दुपारी एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवत काढलं. बाबा अधूनमधून विचारायचे, "त्या सरानं लिहिलं का?" आणि मी म्हणायचे, "माहीत नाही." त्यांना वाटायचं, मी हट्टाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाय. काही दिवस मलाही तसंच वाटायचं. पण नाव बदललं नाही.

प्रवेशाचं कळलं तेव्हा पंगत बसलेली होती. आधी ईमेल आली आणि तासाभरात प्राध्यापक बाईंचा व्हिडिओ कॉल. मी आतल्या खोलीत शेगडीच्या बाजूला उभी राहून तो घेतला. अभिनंदन वगैरे झाल्यावर त्या हसून म्हणाल्या, "येताना तो आरसा घेऊन ये. समितीत सगळ्यांना तो पाहायचा आहे." म्हणजे सरांनी विहिरीचं लिहिलं होतं. आणि विहिरीचं लिहिलं म्हणजे आकड्यांचंही लिहिलं असणार, कारण एक सोडून दुसरं सांगताच येत नाही. मी फोन ठेवला आणि शेगडीवरच्या कढईपाशी उभी राहून रडले. बाहेर पोरांनी ताटं वाजवून घर डोक्यावर घेतलं. आई मला जवळ घेऊन म्हणत राहिली, "रस्सा लागून रायला वं, रस्सा लागून रायला," आणि गॅस काही बंद करेना.

मी सरांना पेढे द्यायला गेले तेव्हा आईच्या सांगण्यावरून जेवायलाही बोलावलं. मला वाटलं होतं टाळतील. ते रविवारी वेळेवर आले, आमच्या जिन्यात थांबून बुरूडकाकांचं काम पाहिलं, आणि वर येऊन पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. आईने पाटोडीचा रस्सा, भाकर, ठेचा, सगळं आमच्या पद्धतीने वाढलं, जराही तिखट कमी न करता. पहिल्या घासाला सरांच्या कपाळावर घाम आला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. ते खात राहिले. पंगत जेवायची थांबून त्यांच्याकडे पाहत होती. आईने विचारलं, "कसं झालं, सर?"

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. "वाईट नाही," ते म्हणाले.

मंगेशला ठसका लागला. बाबा कोपऱ्यात उभे होते. ते इतका वेळ सरांशी एक अक्षर बोलले नव्हते. ते पुढे आले, आईच्या हातातून टोपली घेतली आणि सरांच्या ताटात स्वतः भाकर ठेवत म्हणाले, "वाईट नसन तं घ्या मंग अजून." सरांनी घेतली, आणि त्यानंतर रस्साही मागून घेतला.

सर गेल्यावर बाबा आणि मी ताटं उचलत होतो. त्यांच्या मनातून सगळं गेलं असेल असं मी समजत नव्हते, आणि त्यांनीही तसं दाखवलं नाही. ताटांची चळत नळाखाली ठेवून ते म्हणाले, "मानूस खोटारडा नाही, हे मानलं म्या. पन तू जाऊन विचारलंच नसतं, पोरी, तं त्याच्या खरेपनाचं आपन काय करनार होतो?"